पतंगाच्या मेंदूतील संगम

व्याख्यान सुरू होऊन पाच-दहा मिनिटे झाली, की व्यासपीठावरच्या दिव्याभोवती पाखरे जमू लागतात. वक्त्याच्या पुढ्यातील तांब्यावर, टिपणाच्या कागदांवर, प्रसंगी त्याच्या टोपीवरही ती येऊन आदळतात. बीडसारख्या गावी वैशाखातली सभा उघड्यावर भरली, की ह्या पाहुण्यांना आमंत्रण लागत नाही. वक्ते त्यांना हाताने झटकतात आणि आपला विषय पुढे चालवितात. आज आम्ही त्यांना झटकणार नाही, कारण आजचा विषय तीच आहेत.

पतंग दिव्यावर प्रेम करतो, म्हणून जळून मरतो, असे कवींनी शतकानुशतके सांगितले. शास्त्रज्ञांचीही समजूत फारशी निराळी नव्हती. प्रकाशाचे आकर्षण असते, एवढेच ते म्हणत. २०२४ साली अतिवेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवतीच्या किड्यांची हालचाल टिपण्यात आली, तेव्हा निराळाच प्रकार दिसला. किडा दिव्याकडे तोंड करून झेपावत नव्हता, तो दिव्याकडे पाठ करीत होता. उडत्या किड्याला वर कोणते आणि खाली कोणते हे ठरविण्यास उजेडाचा मोठा आधार असतो. कोट्यवधी वर्षे रात्रीसुद्धा आभाळ जमिनीपेक्षा उजळ असे, आणि उजेडाकडे पाठ ठेवली की किडा सरळ उडे. माणसाने दिवा लावला आणि आभाळाची जागा बदलली! बिचारा किडा दिव्याकडे पाठ करण्याच्या खटपटीत त्याच्याभोवती फेऱ्या घालीत राहतो. कवींचे थोडे नुकसान झाले खरे, परंतु आमच्या मते ही हकीकत प्रेमकथेहून अधिक करुण आहे.

आता खरा प्रश्न असा, की डोळा एक वार्ता आणतो, डोक्यावरच्या दोन मिशा, म्हणजे शृंगिका, गंधाची आणि वाऱ्याची दुसरी वार्ता आणतात, पायांच्या टोकांना चव कळते ती तिसरी. ह्या सर्व वार्ता त्या मोहरीएवढ्या डोक्यात कोठे एकत्र येतात? की येतच नाहीत, आणि किडा म्हणजे नुसते कळ दाबली की हलणारे यंत्र आहे? ह्या प्रश्नाचा इतिहास सुमारे पावणेदोनशे वर्षांचा आहे.

आपल्या जिल्ह्यात ह्या प्रश्नाचा पोटापाण्याशी संबंध आहे. गेवराई-माजलगावकडे कापूस लावणाऱ्यांना गुलाबी बोंडअळीची ओळख करून देण्याची गरज नाही. कीड प्रतिबंधक बीटी कापूस आपल्या देशात २००२ साली आला, त्याचा सुधारलेला दुसरा अवतार २००६ साली आला, आणि काही वर्षे अळी हटली असे सर्वांनी मानले. ती हटली नव्हती, पचवायला शिकत होती. २०१७ च्या हंगामात तिने महाराष्ट्रभर हिशेब चुकता केला आणि मराठवाडाही त्यातून सुटला नाही. फुल उमलण्याऐवजी पाकळ्या मिटून डोमकळी झाली, की आत पाहुणी आहे हे शेतकरी ओळखतो. पण बोंडात शिरलेली अळी बाहेरून दिसत नाही, आणि दिसेपर्यंत कवडी-कापूस हाती येतो.

म्हणून शेतात सापळे लागतात. कामगंध सापळ्यात मादीच्या गंधाची गोळी असते, तिच्या वासाने नर येऊन अडकतो. प्रकाश सापळ्यात दिवा असतो. तुडतुडे-पांढरी माशी ह्यांच्यासाठी पिवळे चिकट फलक असतात. म्हणजे एका सापळ्याचा भर नाकावर, दुसऱ्याचा उजेडावर, तिसऱ्याचा रंगावर. बोंडअळीच्या मादीचा गंध रसायनशास्त्रज्ञांनी १९७३ साली ओळखला. तो दोन जवळच्या रसायनांचे जवळजवळ सम प्रमाणातले मिश्रण आहे. आज तो कारखान्यात तयार होतो आणि रबराच्या छोट्या गोळीत भरून आपल्या बाजारपेठेत मिळतो. सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले, तर उपाय करण्याची वेळ आली असे कृषिखाते सांगते. हा हिशेब बरोबर आहे. परंतु गंधाचा सापळा केवळ नाकाच्या बळावर चालतो, अशी जी आपली समजूत, ती तपासून पाहण्यासारखी आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१८५० साली फेलिक्स द्युजार्दँ ह्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने मधमाश्यांची आणि त्यांच्या भाईबंदांची डोकी उघडून पाहिली. मेंदूच्या वरच्या अंगाला त्याला देठावर उभ्या असलेल्या भूछत्रासारख्या दोन गाठी दिसल्या. समाज करून राहणाऱ्या मुंग्या-मधमाश्यांत त्या मोठ्या दिसल्या, म्हणून त्याने तर्क केला की कीटकाची जी काही बुद्धी असेल तिचे ठाणे इथे असावे. आपण त्यांना छत्रपिंड म्हणू. तर्क धाडसाचा होता, पण पुरावा नुसत्या आकाराचा होता.

पुरावा आणण्याचे काम फ्रेडरिक केन्यन ह्या अमेरिकन तरुणाने केले. इटलीच्या गोल्जीने चांदीच्या क्षारांनी मज्जापेशी रंगविण्याची युक्ती काढली होती. हजारो पेशींच्या गर्दीतून ती एखादीच पेशी काळी करते, आणि तिचा फाटा न् फाटा दिसू लागतो. ही युक्ती केन्यनने मधमाशीच्या मेंदूवर चालविली आणि १८९६ साली आपली चित्रे प्रसिद्ध केली. डोळ्यांकडून येणारे तंतू आणि शृंगिकांकडून येणारे तंतू हे दोन्ही छत्रपिंडांपर्यंत पोहोचतात, हे त्याने दाखविले. शरीराकडे थेट जाणाऱ्या आखूड वाटा असताना ही लांबची वाट कशासाठी, असे विचारून त्याने उत्तर दिले, की निरनिराळ्या इंद्रियांच्या वार्ता तेथे एकत्र होत असाव्यात आणि किड्याला शिकता येत असावे. आज आपण जे सांगणार आहोत त्याचा गाभा ह्या एका तरुणाने सव्वाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवला होता. त्याचे पुढे काय झाले? काही वर्षांतच त्याची नोकरी गेली, त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले, आणि उरलेले सुमारे चार दशकांचे आयुष्य त्याने तेथेच काढले. आज छत्रपिंडातील पेशींना जगभर त्याच्याच नावाने केन्यन पेशी म्हणतात.

केन्यनने तारा दाखविल्या. त्या तारांतून काय वाहते ते त्याला पाहता आले नाही. ती बाजू कार्ल फॉन फ्रिश ह्यांनी निराळ्या वाटेने धरली. मधमाशीला रंग दिसतात हे त्यांनी १९१४ च्या सुमारास सिद्ध केले. राखाडी पुठ्ठ्यांच्या निरनिराळ्या छटांमध्ये एक निळा पुठ्ठा ठेवून, निळ्यावर साखरपाणी देऊन त्यांनी माश्यांना शिकविले. पुढे पाणी काढून घेतले तरी माश्या निळ्यावरच येत. एवढ्यावर न थांबता त्यांनी माश्यांना निळी आणि सुगंधी अशी एकच पेटी ओळखायला लावली, आणि मग दोहोंची ताटातूट केली: निळी पेटी बिनवासाची, वासाची पेटी बिनरंगाची. माश्या दुरून सरळ निळ्या पेटीकडे आल्या, पण दाराशी येऊन घुटमळल्या. आत शिरावे की नाही हे वास ठरवीत होता. लांबच्या पल्ल्याला रंग, उंबरठ्यावर गंध. आणि दोन्ही एकमेकांस साक्षी नसतील तर माशीचा पाय पुढे पडत नाही. आम्हांला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्याला एक रुपयाचे यंत्र लागलेले नाही.

आता आपल्या सापळ्याकडे येऊ. राक्षसभुवनला गोदावरीला पाणी असताना काळोख्या रात्री होडीत बसून नदीच्या मध्याशी गेलात, आणि काठावरचा एकही दिवा दिसत नाही, अशी कल्पना करा. होडी प्रवाहाबरोबर वाहते आहे. पाणी कोणत्या दिशेला चालले आहे, हे तुम्हांला अंगाला कळेल काय? कळणार नाही, कारण तुम्हीच पाण्याबरोबर चालला आहात. काठावरचे एक झाड दिसू द्या, ते मागे सरकते की पुढे ह्यावरून तत्काळ प्रवाह कळतो. हवेत उडणाऱ्या पतंगाची अवस्था नेमकी होडीसारखी असते. वारा त्याला वाहून नेतो, म्हणून वारा कोणीकडून येतो हे त्याला नुसत्या अंगाच्या स्पर्शाने ठरविता येत नाही. मादीचा गंध तर वाऱ्याबरोबर येतो; गंधाच्या उगमाकडे जायचे म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर जायचे. मग नर कसा पोहोचतो?

जॉन केनेडी ह्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १९४० साली हे कोडे डासांवर सोडविले आणि १९७४ साली मार्श ह्या सहकाऱ्यासह पतंगांवर पक्के केले. त्यांनी वाऱ्याच्या बोगद्यात किडे उडविले आणि खालची पट्ट्यापट्ट्यांची जमीन सरकती ठेवली. जमीन सरकविली, की किड्याचा वाऱ्याचा हिशेब बदले. पतंगाला गंध लागताच तो खालची जमीन डोळ्यांनी मोजू लागतो आणि ती पोटाखालून पुढून मागे सरकत राहील अशा बेताने वाऱ्यावर चढतो. गंध सुटला की आडवा-तिडवा हेलकावे घेत पुन्हा शोधतो. म्हणजे आपल्या कामगंध सापळ्यापर्यंत नर पोहोचतो तो नाकाने आणि डोळ्यांनी मिळून.

हे मिळणे घडते कोठे? १९९० साली ऑलबर्ग आणि विलिस ह्यांनी जिप्सी पतंगाच्या मज्जारज्जूत अतिसूक्ष्म विद्युत्-अग्रे घालून एकेका पेशीचे बोलणे ऐकले. मेंदूकडून पंखांकडे जाणाऱ्या काही पेशी दृश्य कोणत्या दिशेने सरकते ते सांगत होत्या. तेवढ्यात मादीचा गंध सोडला, तर त्याच पेशींचे उत्तर बदलले. दृश्य तेच, डोळा तोच, पण गंधाने त्या पेशीचे मत पालटले. इंद्रियांचा संगम म्हणतात तो एका पेशीत, ऐकू येईल असा, सापडला होता.

ह्या कथेत मुंबईचे स्थान मोठे आहे, आणि आपल्याकडे ते फारसे कोणी सांगत नाही. १९६२ साली होमी भाभांनी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उघडण्यासाठी ओबेद सिद्दिकी ह्यांना बोलाविले. अणूंच्या आणि गणिताच्या त्या घरात एका जीवशास्त्रज्ञाला जागा मिळाली. पुढे सिद्दिकी अमेरिकेत सिमोर बेंझर ह्यांच्याबरोबर केळ्यावर घोंगावणाऱ्या चिलटावर काम करू लागले. शास्त्रीय ग्रंथांत त्याला ड्रोसोफिला म्हणतात. त्यांनी अशी चिलटे वेगळी काढली, की जी उबेत धाडकन पडत आणि गारव्यात पुन्हा उठून चालू लागत. आनुवंशिक घटकातल्या एका बिघाडाने मज्जातंतूंचे काम थांबत होते. १९७६ साली हे प्रसिद्ध झाले.

मुंबईत त्यांनी गंध आणि चव हे प्रश्न हाती घेतले. त्यांच्याकडे व्हेरोनिका रॉड्रिग्ज आल्या. गोव्याच्या कुटुंबातला त्यांचा जन्म १९५३ साली नैरोबीला झाला, आणि कंपाला व डब्लिन येथे शिकून त्या मुंबईला आल्या. दोघांनी मिळून ज्यांना विशिष्ट वास येत नाही, किंवा चव कळत नाही, अशी चिलटे निवडली आणि तो दोष कोणत्या घटकात आहे ते शोधले. ह्या कामाचा पहिला वृत्तांत १९७८ साली आला. पुढे १९८८ साली रॉड्रिग्ज ह्यांनी दाखविले, की चिलटाच्या मेंदूत गंधाचे जे पहिले ठाणे असते त्यात निरनिराळे वास निरनिराळ्या जागी उमटतात. गंधाचा जणू एक नकाशा असतो. गंधाच्या वाहक घटकांचा शोध परदेशात लागण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. चिलटे पाळून काय मिळणार, असे त्यांना कितीदा विचारले गेले असेल! रॉड्रिग्ज २०१० साली आणि सिद्दिकी २०१३ साली निवर्तले. मुंबईच्या त्या कामातूनच बंगलोरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे राहिले. तेथे संजय साने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखविले, की चिलटाला वासाचा उगम सापडण्यासाठी डोळ्यांना दिसणारी काहीतरी वस्तू लागते. वास येत असेल आणि उगम दिसत नसेल, तर ते जवळच्या दुसऱ्याच वस्तूवर जाऊन उतरते.

भीमाशंकरच्या रानातली एक हकीकत जाता जाता सांगितली पाहिजे. लाकडात भोक पाडून राहणारा मोठा काळा भुंगा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याची एक जात तेथे भर रात्री, चांदणे नसतानाही, हिंडते. हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि त्यांच्या स्वीडनमधील सहकाऱ्यांनी २००८ साली सिद्ध केले, की नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात ह्या भुंग्याला घराच्या दाराशी ठेवलेल्या खुणेचा रंग ओळखता येतो. त्या उजेडात आपल्याला पिवळे-निळे काही कळत नाही. रात्री फिरणारा किडा केवळ वासावर चालत असेल, असा समज होता. ह्या भुंग्याने रंग सोडलेला नाही.

आता अगदी अलीकडचे. छत्रपिंडाच्या वाटीत गंधाच्या वार्ता काठाकडे, दृष्टीच्या वार्ता त्याखालच्या पट्ट्यात आणि दोन्ही मिळून तळाच्या कड्यात उतरतात, एवढे मधमाशीत कळले होते. बर्लिनच्या मार्टिन हामर ह्यांनी १९९३ साली मधमाशीच्या मेंदूत एकच अशी पेशी दाखविली, की वास देऊन लगेच तिला विजेचा हलका धक्का दिला, तर साखर न चाखताच माशी तो वास गोड म्हणून लक्षात ठेवते. आणि २०२३ साली ऑक्सफर्डच्या स्कॉट वॅडेल ह्यांच्या प्रयोगशाळेने चिलटांना रंग आणि वास जोडीने शिकविले. जोडीने शिकलेली चिलटे पुढे नुसता वास दिला तरी अधिक चांगले आठवू लागली. कारण शोधले तेव्हा दिसले, की शिकताना रंगाच्या आणि वासाच्या केन्यन पेशींमध्ये एक पूल उघडतो, आणि मग रंगासाठी असलेली पेशी वासालाही ओ देते. डोळ्यांनी पाहिलेले नाकाने आठवते! जुन्या पेटीतल्या कापराच्या वासाने आजीचे लुगडे डोळ्यांपुढे उभे राहते, त्याच जातीचा हा प्रकार असावा असे आम्हांला वाटते. पण हे आमचे वाटणे झाले, शास्त्र एवढे बोलत नाही.

डेंग्यूचा डास आपल्या घरी हाच जोड वापरतो. आपल्या श्वासातला वायू लागेपर्यंत तो काळ्या वस्तूकडे फारसे लक्ष देत नाही. वायू लागला की डोळे कामाला लागतात, आणि अगदी जवळ आल्यावर अंगाची ऊब. मे २०२० मध्ये अमरावती-नागपूरकडे उतरलेल्या टोळांचीही गोष्ट अशीच आहे. एकटा राहणारा निरुपद्रवी टोळ थव्यात सामील होतो तो एकतर मागच्या पायांना इतरांचा स्पर्श सतत झाल्याने, नाही तर इतरांचे दिसणे आणि त्यांचा वास ही दोन्ही एकदम मिळाल्याने. नुसते दिसणे किंवा नुसता वास त्याला पुरत नाही.

श्रोतेहो, ह्या सर्वांतून एक अडचणीचा प्रश्न निघतो, आणि तो आपल्या बांधावरचा आहे. कापसाच्या बियाण्याला इमिडाक्लोप्रिड नावाचे औषध चोळतात. तुडतुडे-मावा ह्यांच्यावर ते फवारतातही. मज्जापेशी ज्या रसायनाने एकमेकींशी बोलतात त्याची जागा हे औषध अडविते. स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी २०१३ साली मधमाशीच्या केन्यन पेशींवर ते अल्प मात्रेत सोडले. पेशी प्रथम उत्तेजित झाल्या आणि नंतर गप्प बसल्या. म्हणजे जेथे रंग, वास आणि आठवण एकत्र येतात, नेमक्या त्याच जागी मुकेपणा आला. अशा जातीच्या तीन औषधांचा उघड्या शेतातील वापर युरोपीय संघाने २०१८ साली बंद केला. आपल्याकडे लगेच तसेच करा, असे म्हणणे सोपे आहे. ज्याच्या कपाशीवर तुडतुडे बसले आहेत त्याला ते सोपे नाही. पण मेलेली माशी मोजता येते, आणि फुलाचा रंग आठवतो पण वास आठवत नाही अशी माशी कोणाच्या मोजणीत येत नाही. करडई-सूर्यफुलाला दाणा भरला नाही, तर आपण पावसाला बोल लावतो.

येत्या पावसाळ्यात कापूस दीडेक महिन्याचा झाला, की कामगंध सापळे टांगण्याचे दिवस येतील. ज्यांना शेत आहे त्यांनी एखाद्या रात्री उशिरा, मंद वारा असताना, सापळ्यापासून वाऱ्याच्या खालच्या अंगाला पाचसहा पावलांवर बसावे. विजेरी तांबड्या कागदाने झाकून घ्यावी, नाही तर पतंग सापळा सोडून विजेरीकडे पाठ करू लागतील. नर सरळ येत नाही. तो डावीउजवीकडे हेलकावे घेत, जमिनीपासून बेताची उंची राखून, पिकाच्या शेंड्यावरून वर चढत येतो. मध्येच थबकतो, आडवा जातो, पुन्हा धागा धरतो. जमिनीचे सरकणे पाहत वाऱ्यावर चढणे म्हणजे काय, ते तेथे अर्ध्या घटकेत दिसेल.